चौथी डिस्क

मामांचा प्रश्न अगदी रास्त होता. चार हार्ड डिस्क घ्यायच्या, प्रत्येक ४ टीबीची. म्हणजे पैसे मोजायचे १६ टीबीचे आणि वापरायला मिळणार ८. "मग उरलेल्या निम्म्याची काय पूजा करायची?" असं त्यांनी विचारलं. मी दुसरा पर्याय सांगितला. त्यात १२ टीबी मिळतात, एकाच डिस्कएवढी जागा जाते, आणि चारातली कुठलीही एक डिस्क मेली तरी एकही फोटो जात नाही. "मग हे बरंय की," मामा म्हणाले. आणि दोन मेल्या तर, हेही त्यांनी त्याच दमात विचारलं होतं. मी म्हणाले, "दोन एकदम कशाला मरतील?"

या उत्तराकडे मी गेली काही वर्षं वळून वळून बघते आहे.

मामांचा सांगलीत फोटो स्टुडिओ आहे. लग्न, मुंज, बारसं, डोहाळजेवण आणि मधल्या वेळात पासपोर्ट फोटो. ऑगस्ट २०१९मध्ये कृष्णेचं पाणी पेठेत शिरलं तेव्हा खालच्या फळीवरचं सगळं भिजलं. निगेटिव्हचे डबे, सीडींचे गठ्ठे, दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्क. पाणी ओसरल्यावर आम्ही चिखलातून सीड्या काढून धुतल्या आणि वर्तमानपत्रांवर वाळत घातल्या, कुरडया घालाव्यात तशा. त्यानंतर मामांनी ठरवलं की आता सगळे फोटो एका जागी, वरच्या मजल्यावर आणि नीट ठेवायचे. 'नीट'ची जबाबदारी माझ्याकडे आली, कारण मी पुण्यात एका कंपनीचे सर्व्हर सांभाळते. प्रत्येक घरात 'कॉम्प्युटरमधलं कळतं' असं एकच माणूस असतं आणि प्रिंटरच्या शाईपासून सगळं त्याच्याकडेच येतं.

तर मी त्यांना चार डिस्कांची एक पेटी बसवून दिली. या प्रकाराला 'रेड' म्हणतात. लाल रंगाशी याचा संबंध नाही आणि आयकरवाल्यांच्या धाडीशीही नाही. १९८८ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी एक निबंध लिहिला. 'रिडंडंट अ‍ॅरे ऑफ इनएक्स्पेन्सिव्ह डिस्क्स', म्हणजे स्वस्त डिस्कांचा असा गट, ज्यात काही भाग मुद्दाम जास्तीचा ठेवलाय. त्या काळी मोठ्या संगणकांना आयबीएमची ३३८० नावाची अवाढव्य, महाग डिस्क लागायची. तिच्यात ७,५०० एमबी मावायचे. दुसरीकडे पर्सनल कॉम्प्युटरसाठी १०० एमबीच्या छोट्या, स्वस्त डिस्क निघाल्या होत्या. या तिघांनी विचारलं, एका हत्तीऐवजी शंभर बैल जुंपले तर? वेग वाढेल, वीज कमी लागेल, पैसे वाचतील.

अडचण एकच होती आणि ती त्यांनी लपवली नाही. एक छोटी डिस्क सरासरी ३०,००० तास चालेल असं कंपनी सांगत होती. पण अशा शंभर डिस्क एकत्र ठेवल्या तर त्यांतली पहिली कधी जाईल? ३०,००० भागिले १००. फक्त ३०० तास, म्हणजे दोन आठवडेसुद्धा नाहीत. प्रत्येक घर धडधाकट असलं तरी शंभर घरांच्या सोसायटीत रोज कुणाची तरी मोटर बंद असतेच, तसं. मला या निबंधाचं अप्रूप वाटतं ते यासाठी की त्याची सुरुवातच कबुलीनं होते: हे मोडणार आहे. मग पुढचा सगळा विचार मोडल्यावर काय करायचं याचा.

त्यातून 'लेव्हल' आल्या. त्यांची तुलना करणारे तक्ते इंटरनेटवर पोत्यानं मिळतात, पण आपल्या पेटीपुरतं थोडक्यात सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

चार डिस्क नुसत्या जोडल्या आणि प्रत्येक फाइलचे तुकडे चौघींवर पसरले तर १६च्या १६ टीबी मिळतात आणि वेगही भरपूर मिळतो. पण एक गेली की सगळं गेलं, कारण प्रत्येक फोटोचा तुकडा तिच्यावर होता. याला रेड शून्य म्हणतात. हे नाव नंतर पडलं, आणि शून्य म्हणजे जास्तीचं काहीच ठेवलेलं नाही. दुसरं टोक आरशाचं. प्रत्येक डिस्कची हुबेहूब जुळी ठेवायची. दोन जोड्या आणि त्या जोड्यांवर तुकडे पसरलेले, हा प्रकार रेड दहा. जागा निम्मी, ८ टीबी. कुठलीही एक गेली तर चालतं, दुसरी गेली तर ती कुठली यावर सगळं अवलंबून. उरलेल्या तिघींतली मेलेलीची जुळी गेली तर खेळ संपला, बाकी दोघींपैकी एखादी गेली तर अजून निभावतं.

मधला मार्ग बेरजेचा. तीन मित्र हॉटेलात जेवले, प्रत्येकानं किती दिले ते तीन चिठ्ठ्यांवर लिहिलं आणि चौथ्या चिठ्ठीवर एकूण. आता यातली कुठलीही एक चिठ्ठी हरवू दे, उरलेल्या तिघींवरून ती परत लिहिता येते. खरं गणित बिटांच्या सम-विषमाचं असतं, पण गोष्ट हीच. या चौथ्या चिठ्ठीला पॅरिटी म्हणतात. यात सौंदर्य असं की कुणाचीही पूर्ण नक्कल कुठेच नाही, तरी कुणीही एक गेलं तरी भरून निघतं. दोन चिठ्ठ्या हरवल्या मात्र गणित सुटत नाही. दोन अज्ञात आणि समीकरण एक, ही शाळेतलीच अडचण.

मूळ निबंधातल्या चौथ्या लेव्हलमध्ये ही एकूण बेरजेची चिठ्ठी कायम एकाच डिस्ककडे असायची. त्यामुळे कुठेही काहीही लिहिलं गेलं की तिला उठावं लागायचं आणि सगळ्यांचा वेग तिच्यापाशी येऊन अडायचा. अशी एक डिस्क बहुतेक घरांत असते. गॅस कधी लावला, कुणाच्या गोळ्या संपल्या, दुधाचे किती झाले हे सगळं तिच्याकडे. पाचव्या लेव्हलनं एवढंच केलं की ही चिठ्ठी पाळीपाळीनं चौघींकडे दिली. डिस्कांना ही सोय १९८८मध्येच मिळाली.

रेड पाच म्हणजे आमची १२ टीबीवाली पेटी. याच्यापुढे रेड सहा. त्यात बेरजेच्या जोडीला आणखी एक वेगळं समीकरण असतं, त्यामुळे कुठल्याही दोन डिस्क गेल्या तरी भागतं. चार डिस्कांत मग ८ टीबीच उरतात. आणि प्रत्येक छोटं लिखाण करताना जुनं वाचून दोन-दोन हिशेब बदलावे लागतात, म्हणून लिहिण्याचा वेग कमी.

डिसेंबर २०१९मध्ये आमच्यासमोर हे एवढंच होतं. ८ की १२. मी १२ म्हणाले.

जून २०२२मध्ये मामांचा फोन आला, "ते तुझं यंत्र ओरडतंय." एक डिस्क गेली होती. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. ज्या दिवसासाठी हे केलं तो दिवस आला होता आणि सगळे फोटो उघडत होते. मामांनी दुकानात आलेल्या दोघा-तिघांना दाखवलंही, "एक मेलीय बघा आतली, तरी चालू आहे." शनिवारी मी नवी डिस्क घेऊन सांगलीला गेले, ती सरकवली, रिबिल्ड सुरू केलं आणि आम्ही जेवायला बसलो.

रिबिल्ड म्हणजे हरवलेली चिठ्ठी परत लिहिणं. त्यासाठी उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही जागा न सोडता, वाचाव्या लागतात. एरवी त्या निवांत असतात. तीन वर्षांपूर्वीच्या लग्नाचा फोटो कोण उघडतो? डिस्कवरची एखादी जागा खराब झालेली असली तरी तिकडे कुणी फिरकत नाही तोवर कळत नाही. आणि नेमक्या ज्या दिवशी घरातलं एक माणूस कमी झालेलं असतं, त्याच दिवशी उरलेल्यांना आयुष्यात कधी केलं नाही एवढं काम सलग दीड दिवस करावं लागतं. रविवारी सकाळी ६४ टक्क्यांवर दुसरी डिस्क वाचताना अडखळायला लागली. थोड्या वेळानं पेटीनं तिला गटाबाहेर काढलं.

चारही डिस्क एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतल्या होत्या. नंतर मी त्यांचे सिरियल नंबर पाहिले, जवळजवळ लागोपाठचे होते. एकाच कारखान्यातल्या, बहुधा एकाच घाण्यातल्या. त्याच पेटीत, त्याच उन्हाळ्यात, त्याच लोडशेडिंगमध्ये तेवढेच तास फिरलेल्या. इथे त्या नावाची एक गंमत आहे. 'रेड'मधल्या 'आय'चा मूळ अर्थ होता इनएक्स्पेन्सिव्ह, स्वस्त. पुढे हा माल विकणाऱ्यांना 'स्वस्त' शब्द परवडेना, म्हणून तो झाला इंडिपेंडंट, स्वतंत्र. एक डिस्क जाण्याचा दुसरीच्या जाण्याशी संबंध नसेल तर दोन एकदम जाण्याची शक्यता नगण्य, हे सगळं गणित या स्वातंत्र्यावर उभं आहे. २००७मध्ये बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी प्रत्यक्ष वापरातल्या सुमारे एक लाख डिस्कांच्या नोंदी तपासल्या. कंपन्यांच्या कागदांवर वर्षाला जास्तीत जास्त ०.८८ टक्के डिस्क जातील असं दिसत होतं. प्रत्यक्षात २ ते ४ टक्के बदलाव्या लागत होत्या, काही ठिकाणी १३ टक्क्यांपर्यंत. आणि हे जाणं एकमेकांपासून सुटंसुटं नव्हतं, बिघाडामागे बिघाड येत होता. हा गिब्सन म्हणजे १९८८च्या निबंधातलाच गिब्सन. आपल्याच गृहीतकाची आपणच एकोणीस वर्षांनी उलटतपासणी करायची, हे मला फार आवडलं. माझ्या मामांना याचा काही उपयोग झाला नाही हा भाग वेगळा.

डेटा रिकव्हरीवाल्यांनी बरंच काढून दिलं. तीन लग्नांचं मात्र नीट काही आलं नाही. फायली होत्या, नावं होती, पण उघडल्या की वरची पट्टी दिसायची आणि खाली सपाट राखाडी. तुकड्यांत ठेवलेला फोटो तुकड्यांतच जातो.

यातलं एक लग्न फेब्रुवारी २०२०मधलं. अल्बम केव्हाच देऊन झाला होता. आमच्याकडे अडीच हजार फोटोंतून अल्बमला तीनेकशे निवडतात आणि त्यांत नवरानवरी, विधी, ग्रुप फोटो हेच येतात. त्या ताई आल्या त्या न निवडलेल्या फोटोंसाठी. त्यांचे वडील दुसऱ्या लाटेत गेले होते. अल्बममध्ये ते तीन-चार ठिकाणी होते, पण सगळीकडे ताठ, कॅमेऱ्याकडे बघणारे. त्यांना आठवत होतं की मंडपाच्या कडेला खुर्चीवर बसून वडील कुणाशी तरी हसत बोलत असताना मामांच्या मुलानं फोटो काढला होता. मामांनी दिलेला पेनड्राइव्ह त्यांच्याकडे होता, तो उघडत नव्हता. मामांनी शोधलं. फोटो सापडला. वरती मंडपाची झालर होती, केशरी फेट्याचा वरचा भाग होता, आणि तिथून खाली राखाडी.

त्या चिडल्या नाहीत. "पण काका, तुमच्याकडे कायम राहतात म्हणाला होतात ना?" एवढंच म्हणाल्या. मामा तसं सगळ्यांनाच म्हणत. बिलावरही छापलेलं होतं, 'आपल्या आठवणी, कायमच्या सुरक्षित.' तो 'कायम' माझ्या 'दोन एकदम कशाला मरतील'वर उभा होता, हे त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं.

१८७७मध्ये विल्यम क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञानं 'द एथिक्स ऑफ बिलीफ' असा निबंध लिहिला. त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुनं, मुळातच फार चांगलं बांधलेलं नाही, वारंवार दुरुस्त केलेलं. परदेशी स्थायिक व्हायला निघालेली कुटुंबं त्यातून जाणार आहेत. मालकाच्या मनात येतं की एकदा सगळं तपासून घ्यावं, पण त्याला खर्च येईल. मग तो स्वतःची समजूत घालतो: इतक्या सफरी झाल्या, इतकी वादळं पाहिली, याही वेळी नीट परत येईल. हळूहळू त्याला मनापासून खरंच वाटायला लागतं की जहाज सुरक्षित आहे. तो हसतमुखानं निरोप देतो. जहाज मधल्या समुद्रात बुडतं आणि त्याला विम्याचे पैसे मिळतात.

क्लिफर्ड म्हणतो, त्याचा विश्वास प्रामाणिक होता हे मान्य, पण तो विश्वास बाळगण्याचा त्याला हक्क नव्हता. तो तपासून मिळवलेला नव्हता, शंका दाबून मिळवलेला होता. पुढे तो विचारतो, समजा जहाज बुडालं नसतं, सुखरूप पोचलं असतं, तर? तरीही मालक तितकाच दोषी, असं त्याचं उत्तर आहे. फक्त तो पकडला गेला नसता.

मला हे वाचताना पेटीतली एक सेटिंग आठवते. तिला स्क्रबिंग म्हणतात. महिन्यातून एकदा सगळ्या डिस्क आपोआप वाचून काढायच्या, म्हणजे कुठे खराबी असेल तर ती वेळीच, सगळ्या जिवंत असताना, सापडते आणि दुरुस्त होते. मी ती सुरुवातीला चालू ठेवली होती. त्या रात्री एडिटिंग हळू व्हायचं, मामांचा मुलगा कुरकुरायचा. सीझनपुरती बंद करू, असं म्हणून मी पुण्यात बसून ती बंद केली. ती परत चालू करायची राहिली. आणि डिस्कच्या माहितीपत्रकात काय लिहिलेलं असतं तेही मला ठाऊक होतं. साध्या डिस्कला दर १०० लाख कोटी बिटांमागे एखादी जागा वाचता न येण्याची मुभा कंपनी घेऊन ठेवते. १०० लाख कोटी बिट म्हणजे साडेबारा टीबी. आमच्या रिबिल्डला वाचायचे होते १२. डिस्क प्रत्यक्षात बऱ्याचदा याहून पुष्कळ बऱ्या वागतात, म्हणून मी तो आकडा मनातून बाजूला सारला होता. इतक्या सफरी झाल्या होत्या ना.

घरी सगळे म्हणतात, तुझ्या हातात काय होतं, आपण कर्म करायचं, फळ आपल्या हाती नसतं. पण ती सेटिंग अक्षरशः माझ्या हातात होती.

तरीही क्लिफर्डचं मला पूर्ण पटत नाही. माझ्या ओळखीत अगदी याच निर्णयाच्या, याच आकाराच्या पेट्या आजही सुरळीत चालू आहेत. त्या बसवणाऱ्यांनीही स्क्रबिंग बंद केलेलं असेल. क्लिफर्डच्या हिशेबानं आम्ही सगळे सारखेच दोषी. पण राखाडी फोटो फक्त मी पाहिलाय. १९७६मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनी याच पेचाला नाव दिलं, 'मॉरल लक', नैतिक नशीब. एकसारख्याच निष्काळजीपणानं गाडी चालवणाऱ्या दोघांपैकी एकाच्या समोर मूल येतं, दुसऱ्याच्या येत नाही. दोघांना आपण एकाच तराजूत घालत नाही. घालायला हवं असं बुद्धी म्हणते, पण मन घालत नाही.

मला वाटतं यात दोन गोष्टी मिसळल्यात, दोष आणि देणं. माझा दोष डिसेंबर २०१९मध्ये पूर्ण झाला होता, फार तर सेटिंग बंद केली त्या रात्री. तिथे क्लिफर्ड बरोबर आहे. पुढे डिस्क मेल्या की नाही याच्याशी त्या दोषाला घेणंदेणं नाही. पण देणं निर्माण झालं ते ताई जिना चढून आल्या तेव्हा. ज्यांच्या पेट्या अजून चालतात ते माझ्याइतकेच चुकलेत, फक्त त्यांच्या दारात अजून कुणी मागायला आलेलं नाही. आणि देणं कबूल करायला आपण दोषी असलंच पाहिजे असंही नाही. मामांचा यात काय दोष होता? त्यांनी नेमका तो प्रश्न विचारला होता. तरी अ‍ॅडव्हान्स धरून फोटोग्राफीचे सगळे पैसे त्यांनी तिन्ही घरी नेऊन दिले. ताईंनी घेतले नाहीत.

मग रेड सहा घेतलं असतं तर मी नैतिक ठरले असते का? हा प्रश्न मी मला बऱ्याच वेळा विचारलाय. दोन डिस्क गेल्या असत्या आणि फोटो वाचले असते, हे खरं. पण रेड सहालाही तिसरी डिस्क असते. रेड दहाला जुळी असते. सगळ्या पेटीला मिळून एकच वीजपुरवठा असतो, पेटी एका खोलीत असते, खोली नदीकाठच्या गावात. पुराचा विचार करून आम्ही ती वरच्या मजल्यावर नेली. मागच्या संकटाला पुरून उरायची आमची तयारी चोख होती. कुठे तरी थांबावंच लागतं. मामा पंचतारांकित स्टुडिओ चालवत नाहीत. प्रत्येक लग्नाच्या पाच प्रती पाच शहरांत ठेवायच्या म्हटल्या तर त्यांनी दुकान बंद करून पासपोर्ट फोटोच काढावेत. म्हणून थांबणं हा गुन्हा नाही. जहाजमालकानं सगळं तपासून पाठवलेलं जहाजही बुडू शकलं असतं.

माझं म्हणणं वेगळं आहे. त्या तुलनेच्या तक्त्यांत रकाने असतात: वेग, जागा, खर्च, किती डिस्क गेल्या तर चालतं. कुणाचं जाणार, हा रकाना नसतो. ४ टीबी जास्तीची मिळाली ती मामांना; काही हजार रुपये वाचले तेही त्यांचे; हुशार भाची म्हणून कौतुक झालं ते माझं. धोका मात्र त्यांचा, ज्यांना रेड हा शब्दही ठाऊक नव्हता. स्वतःच्या सिनेमांच्या फायली रेड शून्यावर ठेवणाऱ्याला मी वेडा म्हणेन, वाईट म्हणणार नाही. दुसऱ्याच्या वडिलांचा फोटो रेड पाचवर ठेवताना मी हिशेब केला तो आमच्या सोयीचा, आणि बिलावर शब्द छापला तो त्यांच्या सोयीचा.

त्यांना सांगायला हवं होतं का? बिलामागे बारीक अक्षरांत 'दोन डिस्क बिघडल्यास स्टुडिओ जबाबदार नाही' असं छापून? तुमच्या फोनमधले फोटो ज्या क्लाउडवर आहेत त्याच्या अटी तुम्ही वाचल्यात का? मीही नाही वाचल्या, आणि माझं पोटच त्यावर आहे. अ‍ॅमेझॉनची एस-थ्री ही साठवणूक अकरा नऊची खात्री सांगते, म्हणजे ९९.९९९९९९९९९ टक्के. तिथे नुसता आरसा किंवा नुसती बेरीज नसते, फार पुढचं गणित असतं. पण हे सगळे नऊ डिस्क मरण्याबद्दलचे आहेत. पासवर्ड विसरणं, खातं बंद होणं, चुकून डिलीट करणं त्यांत धरलेलं नाही. धोका समजणाऱ्यानं तो न समजणाऱ्याच्या सहीवर ढकलला की तो कागदावर सरकतो, प्रत्यक्षात होता तिथेच राहतो.

डिलीटवरून आठवलं. आमच्या धंद्यात नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात शिकवतात की रेड म्हणजे बॅकअप नव्हे. आरसा फार आज्ञाधारक असतो. तुम्ही फोल्डर पुसलं की तो त्याच क्षणी दुसरीकडचंही पुसतो. डिस्क मेली तर रेड वाचवतो, तुमचा हात चुकला तर नाही. त्यासाठी कुठे तरी एक जुनी प्रत लागते, जिला तुमची ताजी आज्ञा अजून पोचलेली नाही. १९९८मध्ये पिक्सारमध्ये 'टॉय स्टोरी २'च्या फायली एका चुकीच्या कमांडनं भराभर पुसल्या गेल्या आणि बॅकअप नीट चालत नव्हता असं लक्षात आलं. सिनेमा वाचला तो गॅलिन सुसमन या बाईंच्या घरच्या कॉम्प्युटरमुळे. बाळ लहान म्हणून त्या घरून काम करत होत्या, म्हणून एक प्रत घरी होती. कुणी ती बॅकअप म्हणून ठेवलेली नव्हती. (पुढे कथाच आवडली नाही म्हणून पिक्सारनं तो सिनेमा जवळजवळ नव्यानं केला, ते सोडा.)

ताईंच्या बाबतीतही तसंच झालं. दोनेक महिन्यांनी त्या परत आल्या, आतेभावाचा फोन घेऊन. लग्नात त्यानं सहज काढलेला फोटो, कुणाला तरी पाठवलेला, तिथून फिरत व्हॉट्सअ‍ॅपवर परत आलेला. वडील खुर्चीवर बसलेले, हसत होते, पण अर्धा चेहरा पुढच्या माणसाच्या खांद्याआड. व्हॉट्सअ‍ॅपनं दाबून दाबून त्याचा पार चोथा केलेला. मामांनी तो जमेल तेवढा साफ केला आणि छापला. मग ताई म्हणाल्या, तोही द्या. कुठला, मामांनी विचारलं. फेट्याचा. मामांनी आयुष्यात खराब फोटो छापून दिला नव्हता. ते थोडे घुटमळले. मग दिला. वर झालर, केशरी फेटा, खाली राखाडी, बारा बाय आठमध्ये.

गेल्या वर्षी आम्ही नवी पेटी घेतली. सहा डिस्क, तीन दुकानांतून, दोन कंपन्यांच्या, रेड सहा. स्क्रबिंग चालू आहे. मामांचा मुलगा कुरकुरतो. शिवाय रोज रात्री एक प्रत पुण्यात माझ्या घरी येते आणि पुसलेलं तिथे तीन महिने पुसलं जात नाही. सगळं बसवून झाल्यावर मामांनी विचारलं, "यातल्या किती मेल्या तर चालतं?"

"दोन."

"आणि तीन?"

"मग इथलं गेलं. पुण्याचं आहे."

"आणि तेही गेलं तर?"

"मग गेलं, मामा."

त्यांनी मान डोलावली. जुनं बिलबुक संपत आलं होतं, नवं छापायला टाकायचं होतं. स्टुडिओच्या नावाखाली 'कायमच्या सुरक्षित'ऐवजी काय घालायचं ते सुचव म्हणाले. मी दोन-तीन ओळी पाठवल्या, त्यांना आवडल्या नाहीत, मलाही नव्हत्या आवडल्या. सध्या तिथे फोन नंबर आहे.